परसातला चिकट चोर : गोगलगायींचा बंदोबस्त



ऊस, खत, पाणी आणि तोडणी ह्या विषयांवर आपण ह्या पानांतून नेहमीच बोलतो. आज थोडे घराकडे वळू. मृगाचा पाऊस पडला, मातीला वास सुटला, की घरोघरच्या माउल्या परसात दोडका, काकडी, घेवडा टोकतात. मिरची-वांग्याची रोपे टाकतात, दारात झेंडू लावतात. आठ-दहा दिवसांत कोंब वर येतात. आणि मग एका सकाळी पाहावे तो काय! काल चार पानांवर आलेले रोप आज नुसती काडी. कुठे पानाची चाळण झालेली, कुठे रोप बुडातूनच गायब. बाजूच्या दगडावरून न्हाणीच्या मोरीपर्यंत वाळलेली चकचकीत रेघ गेलेली.

“कोंबडीनं खाल्लं असंल,” असे म्हणून पुष्कळ घरांत बिचारी कोंबडी मार खाते. चोर मात्र त्या वेळी मोरीच्या दगडाखाली, रांजणाच्या बुडाला नाहीतर विटांच्या ढिगात पोट भरून झोपलेला असतो. हा चोर म्हणजे गोगलगाय. शंखाची आणि बिनशंखाची, दोन्ही.

विषय दिसायला लहान आहे. पण २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) ह्या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी कोवळे सोयाबीन असे काही फस्त केले, की पुष्कळांना दुबार पेरणी करावी लागली आणि सरकारला नुकसानीची मदत जाहीर करावी लागली. बांधावर आणि परसात जी कीड आपण “असू दे, गरीब जनावर आहे” म्हणून सोडून देतो, तीच पुढे शेतात उतरते. म्हणून ती घराजवळ असतानाच तिला ओळखावी आणि आवरावी.

पोटात पाय म्हणजे काय?

“गोगलगाय अन् पोटात पाय” ही म्हण आपण वरून गरीब, आतून बेरकी अशा माणसाला लावतो. पण म्हण करणाऱ्याने निरीक्षण पक्के केले होते. गोगलगायीला खरोखरच पोटाखाली एकच रुंद, मांसल पाय असतो. शास्त्रज्ञांनीही ह्या वर्गाला “उदरपाद” म्हणजे पोट हाच पाय असलेले प्राणी असेच नाव दिले आहे. हा पाय लाटेसारखा हलवत, खाली चिकट द्रव सोडत ती सरकते. तोच द्रव वाळून सकाळी चकचकीत रेघ दिसते.

तिच्या तोंडात कानशीसारखी जीभ असते आणि तिच्यावर हजारो बारीक दात असतात. सुताराने लाकडावर कानस फिरवावी तशी ती पान खरवडून खाते. म्हणून पानावर वेडीवाकडी भोके पडतात. अळीनेही भोके पडतात, पण अळीच्या लेंड्या पानावर सापडतात. लेंड्या नाहीत आणि चिकट रेघ आहे, तर चोर गोगलगाय समजावी. औषध आणायला धावण्यापूर्वी एवढी पारख केली, तर अळीचे औषध गोगलगायीवर मारून पैसे पाण्यात घालण्याची वेळ येत नाही.

आपल्याकडे त्रास देणाऱ्या मुख्यतः दोन जाती ध्यानात ठेवाव्यात.

पहिली बिनशंखी. काही गावांत तिला शेंबडी म्हणतात. काळपट-तपकिरी, चपटी, चामड्याच्या तुकड्यासारखी, पाठीवर मधोमध बहुधा फिकट रेघ. न्हाणीत, मोरीत, कुंडीखाली, तुळशीवृंदावनाच्या ओलीत ही हमखास सापडते.

दुसरी शंखी. तपकिरी पट्ट्यांचा, टोकाला निमुळता होत गेलेला शंख असलेली मोठी आफ्रिकन गोगलगाय. पूर्ण वाढली की शंख तीन-चार इंचांचा सहज होतो, क्वचित त्याहूनही मोठा.

मूळची ही आपल्या मुलखाची नव्हे. पूर्व आफ्रिकेतून ती मॉरिशस बेटावर गेली, आणि १८४७ साली बेन्सन नावाच्या एका इंग्रज शंखसंग्राहकाने मॉरिशसहून ती कलकत्त्यास आणून चौरंगीतल्या बागेत सोडली, अशी नोंद आहे. एका माणसाच्या हौसेपोटी आलेले हे पाहुणे मग रोपांबरोबर, मातीबरोबर, मालाच्या गाड्यांबरोबर देशभर पांगले.

चार शंखांचे चार हजार कसे होतात?

गोगलगायीत नर वेगळा, मादी वेगळी असा प्रकार नाही. प्रत्येकीत दोन्ही अंगे असतात. म्हणजे एकमेकींना भेटलेल्या दोघी असल्या, तर दोघीही अंडी घालू शकतात. आफ्रिकन गोगलगाय ओल्या भुसभुशीत मातीत, इंच-दोन इंच खोलीवर अंडी घालते. ती पांढरट-पिवळसर, साबुदाण्यापेक्षा थोडी मोठी. पहिल्या वर्षी एका वेळी शंभराच्या आसपास, आणि पुढे चार-पाचशेपर्यंत. वर्षात असे अनेक वेळा होते. हवामानाप्रमाणे एक ते तीन आठवड्यांत पिल्ले बाहेर पडतात, आणि साधारण सहा महिने ते वर्षभरात तीही अंडी घालू लागतात. आयुष्य पाच-सहा वर्षांचे.

हिशेबाला आपण सगळे पक्के आहोत, तेव्हा हा हिशेब करून पाहा. पहिल्या पावसात बाहेर पडलेली एक मोठी गोगलगाय वेचली, तर पुढची शेकडो वाचली. तीच भाद्रपदात वेचली, तर तिची पिल्ले आधीच बांधाला लागलेली असतात.

ह्या बाबतीत अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९६६ साली एका मुलाने हवाई बेटावरून गंमत म्हणून तीन आफ्रिकन गोगलगायी मायामी शहरात आणल्या. त्याच्या आजीने त्या बागेत सोडून दिल्या. सात वर्षांत त्या भागातून १८ हजारांहून अधिक गोगलगायी वेचाव्या लागल्या. पूर्ण नायनाट व्हायला सुमारे दहा वर्षे गेली आणि दहा लाखांच्या वर डॉलर खर्ची पडले. पुढे २०११ साली तिथेच ती पुन्हा निघाली. ह्या खेपेस दीड लाखांहून जास्त वेचल्या, तेव्हा कुठे २०२१ साली मायामी भाग मोकळा झाल्याचे जाहीर झाले. एवढा श्रीमंत देश, पण अखेर काम आले ते वेचणेच आणि घरोघरच्या लोकांनी “इथं दिसली बरं का” म्हणून दिलेली खबर.

दिवसा कुठे असते?

गोगलगायीचे अंग उघडे आणि ओले. ऊन आणि कोरडी हवा म्हणजे तिचे मरण. म्हणून ती रात्रीचा नाहीतर झिमझिम पावसाचा प्रवास करते आणि उजाडायच्या आत ओल धरून लपते. उन्हाळ्यात शंखी गोगलगाय मातीत शिरते, शंखाचे तोंड चुनखडीसारख्या पापुद्र्याने बंद करून घेते आणि महिनोन्‌महिने अन्नपाण्यावाचून पडून राहते. आपण म्हणतो, “गेल्या साली होत्या, औंदा न्हाईत.” त्या गेलेल्या नसतात, झोपलेल्या असतात. पहिल्या दमदार पावसाने जाग्या होतात.

लपण्याच्या जागा तुम्हाला पाठ आहेत, फक्त त्या नजरेने पाहिलेल्या नसतात. विटा-कौलांचे जुने ढीग, सरपण, ओली पोती, हौदाची मागची बाजू, रांजणाचे बूड, न्हाणीचे पाणी मुरते ती जागा, कुंड्यांची तळी, केळीची वाळली सोपटे, उकिरड्याची कड, पाटाकडेचे गवत. पावसाळ्यापूर्वी ह्या जागा एकदा उलथून काढल्या, गवत खरवडले, न्हाणीचे पाणी शोषखड्ड्यात किंवा केळीच्या आळ्यात नीट सोडले, तर निम्मे काम तिथेच होते. लपायला जागा नाही तर चोर वस्तीला राहत नाही. बांधाकडेची माती उन्हाळ्यात खोल उकरून तापू दिली, तर आत दडलेल्या गोगलगायी व अंडी उघड्यावर येऊन वाळतात, पाखरे वेचतात.

आणखी एक साधी गोष्ट. परसबागेला पाणी संध्याकाळी देण्याऐवजी सकाळी द्यावे. संध्याकाळी पाणी दिले म्हणजे गोगलगायीला रात्रभर चालायला ओली वाट आयती करून दिल्यासारखे होते. सकाळच्या पाण्याने मुळे भिजतात आणि रात्रीपर्यंत वरचा थर सुकतो.

उसाचे पाचट आणि गोगलगाय

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. “पाचटात गोगलगायी होतात, म्हणून पेटवून दिलं,” असे काही जण सांगतात. पाचटाखाली ओल राहते, त्यामुळे गोगलगायींना आसरा मिळतो, हे खरे. पण उभ्या, बांधलेल्या उसाला गोगलगायीचे फारसे भय नाही. तिला हवी असते कोवळी, लुसलुशीत पाने आणि कुजका पाला. तेवढ्यासाठी पाचट जाळून जमिनीचा सेंद्रिय कस धुरात घालवणे म्हणजे ढेकणासाठी घर पेटवण्यासारखे आहे. पाचट सरीतच कुजवावे.

जपायचे ते तीन ठिकाणी. एक, उसाच्या एक डोळा रोपांची रोपवाटिका. दोन, उसातले कोवळे आंतरपीक, म्हणजे सोयाबीन, भुईमूग, कोबी-फ्लॉवर. तीन, घराजवळची भाजी. ह्या तिन्हींच्या भोवती आठ-दहा फुटांचा पट्टा पाचट आणि गवतापासून मोकळा ठेवावा. रोपांचे ट्रे जमिनीवर न ठेवता फळ्यांच्या किंवा बांबूच्या मांडवावर ठेवले आणि रोज ट्रेची खालची बाजू पाहिली, तर रोपवाटिकेचा बचाव होतो. बाहेरगावाहून रोपे, शेणखत, माती, कुंड्या आणल्या, तर उतरवताना बुडे तपासावीत. ह्या पाहुण्या बहुधा स्वतः चालत येत नाहीत, आपणच गाडीत घालून आणतो.

वेचणे हाच राजमार्ग

आता मुख्य उपाय. त्यात जाहिरात करण्यासारखे काही नाही, दुकानात विकतही मिळत नाही. बॅटरी, बादली आणि तासभर वेळ.

अंधार पडल्यावर दोनएक तासांनी, पाऊस उघडलेला असताना, बॅटरी घेऊन परसात फिरावे. हातात रबरी मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी चढवावी, नाहीतर चिमटा वापरावा. उघड्या हाताने धरू नये. त्याचे कारण पुढे येईल. वेचलेल्या गोगलगायी साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. मेल्यावर घरापासून व विहिरीपासून दूर, दोन फूट खड्ड्यात, वर चुना भुरभुरून पुराव्यात. जागच्या जागी ठेचून टाकू नयेत. घाण होते, माश्या येतात, अंडी असली तर तिथेच राहतात. रिकामे शंखही इकडेतिकडे फेकू नयेत. त्यात पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यूचे डास त्यात अंडी घालतात.

पहिल्या आठवड्यात रोज, पुढे दोन-तीन दिवसांआड. घरातल्या शाळकरी पोराला वहीत आकडा मांडायला सांगा. आज चाळीस, परवा बावीस, पुढच्या आठवड्यात सात. आकडा उतरताना दिसला की घरच्यांना हुरूप येतो आणि काम अर्धवट सुटत नाही.

गुळाच्या पाण्याचे पोते

रात्री फिरणे ज्यांना होत नाही त्यांच्यासाठी सापळा. तो आपल्या ऊसवाल्यांना शोभणारा आहे. साधारण किलोभर गूळ दहा लिटर पाण्यात विरघळवावा. खत-पेंडीची रिकामी गोणपाटे त्यात बुडवून, पिळून, संध्याकाळी बांधाकडेने आणि वाफ्यांच्या बाजूने पसरून ठेवावीत. परस लहान असेल तर पाव किलो गूळ अन् दोन पोती पुरेत. गोडाच्या आणि ओलीच्या ओढीने गोगलगायी रात्री पोत्याखाली जमतात. सकाळी ऊन चढायच्या आत पोते उलटावे आणि चिकटलेल्या सगळ्या बादलीत झाडाव्यात.

गुळाचे पाणी थोडे आंबले तर अधिकच चांगले. आंबूस वास गोगलगायीला फार प्रिय. परदेशांत लोक बागेत बशीत बियर ओतून ठेवतात ते ह्याच वासासाठी. आपल्याला तो थाट करण्याचे कारण नाही. पपईची, कोबीची टाकाऊ पाने, कलिंगडाची साल पालथी घालून ठेवली, तरी तिच्याखाली त्या जमतात. आणि मळी मागायला कोणी कारखान्यावर येऊ नये. मळीवर उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण असते आणि ह्या कामाला गूळच पुरे होतो!

एक इशारा मात्र आहे. सापळा लावून सकाळी पोते उलटायला विसरलात, तर आपण चोराला जेवण आणि अंथरूण दोन्ही दिले असे होईल. जो उठून पोते उलटणार असेल त्यानेच ते पसरावे.

चुना, राख आणि तांबे

गोगलगायीला कोरड्या, बोचऱ्या पट्ट्यावरून जाणे आवडत नाही. वाफ्याभोवती चार इंच रुंद विरलेल्या चुन्याची किंवा चुलीच्या कोरड्या राखेची रेघ ओढली तर ती अडते. पण भिजली की रेघ निकामी होते, पावसाने उघडीप दिली की नव्याने ओढावी लागते. आपल्या बऱ्याच जमिनी आधीच चुनखडीच्या आहेत. म्हणून चुना बेताने, फक्त कडेला वापरावा. वाफ्यात फेकू नये.

लिंबू, पपई, पेरू अशा झाडांवर शंखी गोगलगायी चढतात. त्यांच्या बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावावा. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या पाण्यात कालवून मग एकत्र करावेत. भांडे मातीचे किंवा प्लॅस्टिकचे घ्यावे, लोखंडाचे नको. मोरचुदातले तांबे गोगलगायीला सोसत नाही. त्याच कारणाने मोठ्या कुंडीभोवती दोन-तीन इंच रुंदीची तांब्याची पट्टी गुंडाळली तर तीही अडवते.

मीठ फेकू नका

एका गट सभेत एका आजींनी विचारले, “बाबा, आमी आपलं मूठभर मीठ टाकतो. पाणी हून मरत्यात की! मग एवढा खटाटोप कशापायी?”

आजींचे निरीक्षण खरे आहे. मीठ अंगावर पडले की गोगलगायीच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जाते आणि ती मरते. पण मीठ मातीत राहते, ह्याचा विचार कोणी करायचा? कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि नीरा खोऱ्यांतल्या ऊसवाल्यांना क्षारपड जमीन म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. पाण्याच्या अतिरेकाने हजारो एकर जमीन वर मीठ आणून बसली आहे. मग आपल्या हाताने परसात मीठ कशाला पेरायचे? मीठ वापरायचे तर बादलीतल्या पाण्यात, आणि ते पाणी ओतायचे ते पिकापासून, विहिरीपासून लांब. एवढी काळजी घेणे जमत नसेल, तर साबणाचे पाणी बरे.

विषाची गोष्ट

वेचून, सापळे लावूनही आटोक्यात येत नसेल, तरच औषधाचा विचार. बाजारात गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात. त्या गुणकारी आहेत, पण धोका ओळखून वापरायच्या आहेत. ह्या गोळ्यांना गोडसर कोंड्याचा आधार असतो, त्यामुळे कुत्री त्या आवडीने खातात. खाल्ल्यावर झटके येतात, अंग थरथरते, ताप चढतो, आणि उपचारास उशीर झाला तर जनावर दगावते. ह्यावर नेमका उतारा असा नाही. कुत्र्याने वा वासराने गोळी खाल्ल्याचा संशय आला, तर वेष्टन हातात घेऊन तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे जावे. ब्रिटनमध्ये पाखरांना व प्राण्यांना होणारा धोका पाहून २०२२ पासून ह्या औषधाच्या उघड्यावरील वापराला बंदी झाली आहे.

लोह फॉस्फेटच्या गोळ्या त्या मानाने पाळीव जनावरांना कमी धोक्याच्या. त्या खाल्ल्यावर गोगलगाय खाणे सोडते आणि काही दिवसांत लपलेल्या जागीच मरते. त्यामुळे सकाळी मेलेल्या गोगलगायींचा सडा दिसत नाही. म्हणून “औषध लागू पडलं न्हाई” असे समजू नये, रोपांकडे पाहावे.

कोणतेही औषध घ्या, पण हे नियम पाळा. वेष्टनावरचे प्रमाण ओलांडू नये. गोळ्यांचा ढीग घालू नये, त्या सुट्या-सुट्या विखराव्यात. गोठा, पाण्याचा हौद आणि मुलांची खेळण्याची जागा टाळावी. उरलेल्या गोळ्या कुलपात ठेवाव्यात. आणि किडीवरचे जहाल विष पिठात-गुळात कालवून घरीच आमिष करण्याचा उद्योग परसात मुळीच करू नये. गुळाचा वास गोगलगायीला येतो, तसा लेकराला आणि वासरालाही येतो.

विषाने आणखी एक नुकसान होते. भारद्वाज, बगळा, बेडूक, मुंगूस हे सारे गोगलगायी खाणारे आपले बिनपगारी गडी आहेत. पावसाच्या सुरुवातीला झाडांवर लुकलुकणारे काजवे लहानपणी गोगलगायींवरच वाढतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सरसकट विष टाकले की हे गडीही कमी होतात. ज्यांच्याकडे बदके-कोंबड्या आहेत, त्यांनी नवे वाफे धरण्यापूर्वी त्या परसात मोकळ्या सोडाव्यात. मात्र विषारी गोळ्या टाकलेल्या जागी सोडू नयेत.

परक्या किडीवर परका शत्रू आणून सोडण्याची घाईही कधी महागात पडते. आफ्रिकन गोगलगायींना खाईल म्हणून १९७७ साली पॅसिफिक महासागरातल्या मोरिआ बेटावर एक मांसाहारी गोगलगाय सोडण्यात आली. तिने त्या बेटाच्या मूळच्या, निरुपद्रवी छोट्या गोगलगायींचा तिथल्या रानातून फडशा पाडला. आपल्या ओढ्याकाठच्या सगळ्याच गोगलगायी पिकाच्या वैरी नाहीत. पुष्कळशा कुजका पाला खाऊन मातीच करतात. भाजीत शिरेल तिला आवरायचे, रानातली रानात राहू द्यायची.

भाजी, लेकरे आणि आरोग्य

आता उघड्या हाताने धरू नये असे का म्हटले ते पाहू. उंदराच्या फुप्फुसात राहणारा एक बारीक जंत आहे. त्याची पिल्ले उंदराच्या लेंडीतून बाहेर पडतात. लेंडी गोगलगायीने खाल्ली की ती तिच्या अंगात वाढतात. अशी गोगलगाय, तिचे बारीक पिल्लू किंवा तुकडा कच्च्या पालेभाजीतून माणसाच्या पोटात गेला, तर तो जंत मेंदूच्या आवरणापर्यंत पोचून सूज आणू शकतो. जबर डोकेदुखी, मान आखडणे, उलट्या, अंगाला मुंग्या येणे ही त्याची लक्षणे. आपल्या देशात केरळात असे रुग्ण आढळले आहेत. हा रोग क्वचितचा आहे, घाबरून जाण्याचे कारण नाही. पण टाळणे इतके सोपे असताना हयगय का करावी?

मेथी, पालक, कोथिंबीर, कांद्याची पात, कोबी ह्या भाज्या जुडी सोडून, पान न् पान वेगळे करून, दोन-तीन पाण्यांनी धुवाव्यात. गोगलगायीने खाल्लेली, चिकट रेघ असलेली पाने टाकून द्यावीत. पावसाळ्यात पालेभाजी कच्ची खाण्यापेक्षा शिजवून खाल्लेली बरी, शिजवल्यावर हा जंत उरत नाही. पाण्याच्या घागरी-रांजणांवर झाकण असावे. पोरे शंख वेचून खेळतात, पैजेवर तोंडाशी नेतात. त्यांना दटावून नव्हे, समजावून सांगावे. गोगलगायी वेचल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये. आणि घरातले उंदीर आवरले, तर ह्या साखळीची पहिली कडीच तुटते.

एकट्याचे काम नव्हे

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. एका घराने महिनाभर वेचल्या आणि शेजारच्या परड्यात, सामायिक बांधावर, पाटाच्या कडेला तशाच राहिल्या, तर पुढच्या पावसात त्या परत येणारच. गोगलगायीला गट नंबर कळत नाही आणि बांधाची हद्दही कळत नाही. बांधावरून भाऊबंदकी करणाऱ्यांनीही ह्या एका कामात एकत्र यावे. तिथे कोर्टाची तारीख लागत नाही.

आपण सहकाराने कारखाना उभारला. ज्याच्या बांधाला ऊस त्याने एकट्याने तो गाळायचा म्हटले असते तर कुणालाच साधले नसते. तीच रीत इथेही लावता येते. मृगाच्या पहिल्या पावसानंतर वस्तीवरच्या सगळ्या घरांनी मिळून ठरवून एकाच आठवड्यात संध्याकाळी वेचणी करावी. बचत गटाच्या भगिनी, तरुण मंडळ आणि शाळेची मोठी मुले मोजे चढवून तासभर आली, तर एका वस्तीचा बांध न् बांध तपासून होतो. सामायिक पाटाची कड कोणी पाहायची हे आधीच वाटून घ्यावे, नाहीतर ती कुणाचीच राहत नाही. कोणाच्या रानात मोठ्या शंखी गोगलगायी पहिल्यांदाच दिसल्या तर लाजू नये, लपवू नये. गट कार्यालयात शेतकी कर्मचाऱ्यास लगेच कळवावे. चार असतानाची खबर सगळ्या शिवाराला उपयोगी पडते, चार हजार झाल्यावरची कुणाच्याच कामाची नसते.

भिंतीवर लावण्यासाठी

१. पावसाआधी विटा, सरपण, गवत, पोती हलवा. लपायच्या जागा मोडा.

२. पहिल्या पावसापासूनच वेचा. अंडी घालण्याआधी वेचलेली एक, मागाहून वेचलेल्या शंभरांच्या बरोबरीची.

३. गुळाच्या पाण्याची पोती संध्याकाळी पसरा आणि सकाळी न चुकता उलटा.

४. मीठ जमिनीवर नको. चुना-राख फक्त कडेला आणि कोरडी.

५. पाणी सकाळी द्या. पाचट जाळू नका, रोपवाटिकेपासून दूर ठेवा.

६. विषारी गोळ्या शेवटचा उपाय. मुले, कुत्री, गुरे ह्यांना जपा.

७. उघड्या हाताने धरू नका. भाजी पान न् पान धुवा.

८. शेजाऱ्याला सोबत घ्या.

परसातली भाजी म्हणजे फार मोठे उत्पन्न नव्हे, हे खरे. पण हप्त्याचे पैसे येईपर्यंत रोजच्या कोरड्यासाला तीच असते आणि ती बहुधा घरच्या लक्ष्मीच्या कष्टाची असते. उसाला जपतो तसे तिलाही जपू या.

(शेतकी विभागाकडून)